चवडा आणि टाच

सासूबाईंनी चवडा दाबला. पडद्यावरचं एकही अक्षर उजळलं नाही.

जावयाने टेबलाखाली वाकून वायर चाचपली. तीन महिने खपून त्याने त्यांच्या शिलाई मशीनचं जुनं पायडल संगणकाला जोडलं होतं. चवडा दाबला की अक्षरांच्या पट्टीवरचं पुढचं अक्षर उजळायचं, टाच दाबली की ते उमटायचं. चाळीस वर्षं कपडे शिवलेले त्यांचे हात आता थरथरत. पेन धरवत नव्हतं. पाय मात्र अजून टेलरचेच होते.

"माझ्या घरी चालत होतं, आई."

"मग तुमच्या घरीच लिहा माझी वही."

पडद्याच्या तळाशी एक ओळ आली होती.

परवानगी नाही.

त्याने ॲडमिनचा पासवर्ड टाकून पुन्हा सुरू केलं. अक्षर उजळलं.

"झालं! रोज तेवढा हा पासवर्ड टाकायचा. फोन केलात की मी येईन."

सासूबाईंनी पाय काढून चपलेत घातला.

"काज करायला रोज शेजाऱ्याला हाक मारली असती तर दुकान चाललं असतं का माझं? आज जमलं तर जमलं. नाहीतर ते पायडल माळ्यावर टाका. वही राहिली तर राहिली."

कटिंगची वही. बेतायचं कसं, कुठल्या अंगाला काय सोडायचं, सगळं त्यात होतं; ती दोन वर्षांपूर्वी बाह्यांपाशी थांबली होती. तू सांग, मी लिहिते, असं लेक म्हणाली होती. पण सांगताना त्यांना आठवत नसे. लिहितानाच आठवे.

उपाय जावयाला ठाऊक होता, नुसता कंटाळा केला होता. संगणक ज्यावर चालायचा ती लिनक्स प्रणाली पायडलचे इशारे कुणालाही थेट वाचू देत नाही. ज्यांना द्यायचे, त्यांचा एक गट असतो. त्याने त्या गटात सासूबाईंचं खातं घातलं. एका ओळीचं काम.

"आता फक्त बंद करून परत उघडा. त्याशिवाय त्याला कळणार नाही. मी चहा टाकतो."

(इथे चहा होतो. चहात काही घडत नाही.)

परवानगी नाही.

"बंद केलं होतंत ना?"

"केलं."

"परत उघडलंत?"

"उघडलं की! न उघडता दिसतंय का तुम्हाला?"

त्याने ओळ तपासली, पुसली, तीच पुन्हा लिहिली. पायडलसाठी वेगळा नियम लिहिला. वायर उपटून खोचली. पुन्हा बंद करायला सांगून गॅलरीत गेला आणि नखं खात उभा राहिला.

परवानगी नाही.

आणखी एकदा.

परवानगी ना

"अरे," वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता त्याच्या बायकोने हाक मारली, "इकडे ये आणि आई बंद कशी करते ते बघ."

सासूबाईंनी पडद्याचं बटण दाबलं. टेबलाखाली संगणकाचा दिवा जळतच राहिला. स्वतः शिवलेली खोळ त्यावर घातली, चारही कोपरे ओढले, वरून हात फिरवला. क्षणभर थांबल्या. मग खोळ काढून नीट घडी केली आणि बटण दाबलं.

"उघडलं."

बायकोने टॉवेलात तोंड खुपसलं.

"हसायला काय झालं? चाळीस वर्षं मशीन अशीच बंद केली. एकदा बिघडली नाही."

"नाही हो, आई," जावई म्हणाला. "मीच दाखवलं नव्हतं."

खात्यातून बाहेर पडून परत आत यायला अर्धं मिनिट लागलं. चवडा. अ उजळला. चवडा, चवडा, टाच.

"आता मागे उभे राहू नका. मागे कुणी असलं की टीप वाकडी जाते."

तो खुर्चीत जाऊन बसला. पायडलचा आवाज आधी अडखळत, मग एका लयीत येऊ लागला. बायकोच्या घड्या संपल्या. अंगावरचा दुकानातला तयार शर्ट सारखा करत तो उठला आणि लांबूनच पडद्याकडे डोकावला.

जावई. उजवा खांदा पाऊण बोट उतरता. नऊ वर्षं बघते आहे. तयार शर्ट घेऊ नये.

त्याचा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला.

भिंतीवरच्या खिळ्याला टेप लोंबत होती. ती काढून त्याने बायकोच्या हातात दिली आणि तिच्याकडे पाठ करून ताठ उभा राहिला.

"ताठ नको," सासूबाई वळून न बघता म्हणाल्या. पाय पायडलवर तयार होता. "नेहमीसारखे उभे राहा. हं, सांग गं. छाती?"