कुलूपवाल्याच्या बायकोचा ताप

कुलूपवाल्याचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि त्यात त्याला काही वावगंही वाटत नसे. जन्मभर लोकांच्या दारांची कुलपं उघडून दिलेली. कुठलं दार किती तकलादू असतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? दूधवाला पाणी घालतो, शेजारीण भिंतीला कान लावते आणि सख्खा मेहुणा दवाखान्यात नोकरीला चिकटल्यापासून जरा जास्तच गोड बोलतो, ही त्याची मतं पक्की होती.

बायकोला मलेरिया होता. होता म्हणजे यायचा आणि जायचा. गोळ्या घेतल्या की ताप उतरे, तोंडाला चव येई, ती पुन्हा शिलाई मशीनवर बसे. आता सुटली म्हणावं, तर काही महिन्यांनी भर दुपारी तिचे दात वाजू लागत आणि घरातली सगळी पांघरुणं टाकली तरी खाट हलत राही. लोकांचे कपडे शिवता शिवता ती आता स्वतःचेच कपडे कडेने आत घेऊ लागली होती. कुलूपवाल्याला ते दिसत होतं.

यावेळी ताप उतरल्यावर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही समोर बसवलं.

"नेहमीच्या गोळ्यांनी रक्तातले जंतू मरतात," त्या म्हणाल्या. "पण काही यकृतात दडून बसतात आणि सवडीने बाहेर पडतात. आता एक नवं औषध आलंय, ते या दडलेल्यांना मारतं. एकदाच घ्यायचं, माझ्यासमोर. त्याआधी रक्ताची एक तपासणी, कारण काहींना ते चालत नाही."

"चालत नाही म्हणजे काय होतं?" कुलूपवाल्याने विचारलं.

"अंगातलं रक्त फुटतं. लघवी काळी होते. म्हणून तर आधी तपासायचं."

"आणि पैसे?"

"काही नाही. आमचा अभ्यास चालू आहे. पुढे वर्षभर तब्येत दाखवायला यावं लागेल."

"म्हणजे आमच्यावर प्रयोग."

बाईंनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. "हो, प्रयोगच. नको असेल तर नाही म्हणा, नेहमीचे उपचार चालूच राहतील. पण या आठवड्यात काय ते ठरवा."

या सरळ उत्तराने तर तो अधिकच बिथरला. लबाड माणूस निदान खोटं बोलतो, त्याला पकडता येतं. ही बाई सगळं कबूल करून मोकळी!

त्याच्या संशयाला मूळ होतं. त्याला हा धंदा शिकवला तो थोरल्या भावाने. दादा कुलपाला कान लावून आतला खटका ओळखायचा. मग दादाची छाती धरली आणि कुठल्याशा डॉक्टरने तेव्हा नवीन असलेली इंजेक्शनं दिली. छाती बरी झाली, कान कायमचे गेले. तो डॉक्टरही असाच शांतपणे समजावून सांगत होता. दादा अजून दुकानात येऊन बसे, हातात कुलूप घेऊन नुसतं फिरवत राही.

"नाही म्हणायचं," घरी येताच त्याने निकाल दिला.

बायको दोरा ओवत होती. तिने मान वर केली नाही. "तुमच्या संशयाने ताप उतरत असता, तर मी केव्हाच खडखडीत बरी झाले असते."

संध्याकाळी मेहुणा आला. "भाऊजी, कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने मागेच घेतलंय हे औषध. आमच्याकडचा पहिलाच तो. बघा ना, कसा ठणठणीत आहे!"

"तू म्हणतोस म्हणून?"

"मग स्वतः जाऊन बघा."

तो गेला. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळ-संध्याकाळ बेकरीत जाऊ लागला. घरात पावांचा ढीग साचला. बेकरीवाल्याच्या तोंडावर नेहमी मैदा उडालेला, त्यामुळे माणूस पांढराफटक पडलाय की काय, काही कळायला मार्ग नव्हता. कुलूपवाला त्याच्या डोळ्यांत निरखून बघे, चालताना धाप लागते का ते बघे, आणि समोरच्या पायरीवर बसून उगाच वेळ काढे. शेवटी त्याने एकदा गिऱ्हाईक नाही असं पाहून हळूच विचारलंच, "काय रे, लघवी साफ होते ना?"

बेकरीवाला पाव बांधता बांधता थांबला. "तुला काय करायचंय?"

"सहज आपलं."

बेकरीवाल्याला ते सहज वाटलं नाही. कुलपं उघडता येणारा माणूस दिवसातून दोनदा आपल्या दुकानासमोर बसतो, मालाकडे न बघता मागच्या खोलीकडे बघतो, हे त्याने चार जणांना सांगितलं. मग बेकरीला नवं कुलूप लागलं, तेही बाजारातल्या दुसऱ्या दुकानातून आणलेलं. कुलूपवाल्याला ते फार लागलं. इतकी वर्षं गल्लीत इमानाने काढली आणि आपल्यावर वहीम? लोक कसले संशयी झालेत, असं तो दादाला ओरडून सांगत होता. दादाला एक अक्षर ऐकू आलं नाही, तरी त्याने मान डोलावली.

एका सकाळी बेकरीवाला गल्ल्यावर नव्हता. भट्टीवरचा माणूस म्हणाला, "मालकांना ताप भरलाय. हुडहुडी थांबत नाही."

कुलूपवाला जवळजवळ धावतच घरी आला. "बघ! सांगत नव्हतो मी? पहिला औषध घेणारा पुन्हा आडवा! म्हणे दडलेले मरतात!"

बायकोने मशीन थांबवलं. "मी घेतलं."

"काय घेतलं?"

"औषध. रक्त तपासलं, चालेल म्हणाले, मग काल घेतलं. तुम्ही पाव आणायला गेला होतात तेव्हा."

खिडकीशी नेऊन त्याने तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली. जीभ काढायला लावली. मळमळतं का, चक्कर येते का, लघवीचा रंग कसा, सगळं विचारून झालं. "थोडं मळमळलं, आता बरं आहे," ती म्हणाली. "आणि विचारल्याशिवाय गेले म्हणून ओरडायचं असेल तर ओरडून घ्या. विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असतात."

तो तडक बेकरीवाल्याच्या घरी गेला. बेकरीवाला गोधडीत गुरफटून थरथरत होता.

"आता घर फोडायला आलास?"

"माझ्या बायकोने ती गोळी घेतली," कुलूपवाला म्हणाला. त्याचा आवाज पार पडलेला होता. "तुझं खरं काय ते सांग. घेतल्यावर काय काय झालं?"

बेकरीवाल्याने दाराकडे पाहिलं, आपली बायको आसपास नाही याची खात्री केली. "घेतलीच नाही. बाईंसमोर जिभेखाली धरली आणि बाहेर येऊन गटारात थुंकली. अरे, चांगली वस्तू फुकट कोण देतं?"

हेच तर कुलूपवाला स्वतः आठवडाभर म्हणत होता. आपल्या तोंडी ते किती शहाणपणाचं वाटलं होतं! आणि या थरथरत्या माणसाच्या तोंडून ऐकताना त्याच्या कानशिलात मारावीशी वाटली. एवढे पाव खाल्ले, आणि हाती आलं काय? काहीच नाही. औषध चांगलं की वाईट, हे बेकरीवाल्यावरून कळणारच नव्हतं.

"बाईंना जाऊन खरं सांग," एवढंच म्हणून तो निघाला.

पुढे महिने गेले. बायकोच्या गालांवर मांस आलं, आत घेतलेल्या शिवणी तिने उसवल्या. तो मात्र रोज काहीतरी निमित्त काढून तिच्या कपाळाला हात लावायचा. आणि मग एका दुपारी कपाळ खरंच तापलेलं लागलं.

दवाखान्यात तो भांडायच्याच तयारीने शिरला. "हे तुमचं नवं औषध!" बाईंनी शांतपणे बोटातून रक्त घेतलं, काच तयार केली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बघत राहिल्या. "मलेरिया नाही. घसा लाल आहे, साधा सर्दीचा ताप दिसतो."

"मला बघू द्या."

बाई बाजूला झाल्या. त्याने डोळा लावला. फिकट गोल ठिपके, मधेच एखादा जांभळा. एका फटीतून परक्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटलं.

"यात तो नाही, हे मला कसं कळणार?"

"नाही कळणार. आणि पुन्हा कधीच येणार नाही असं मीही आज सांगू शकत नाही. काहींना येतो पुन्हा."

"म्हणजे तुम्हालाही शंका आहे?"

"आहे ना. नसती तर वर्षभर कशाला बोलावलं असतं?"

शंका बाळगूनही काम करता येतं, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. दादाच्या डॉक्टरने एकदाही पुन्हा बोलावलं नव्हतं, हेही त्याला तिथेच उभ्या उभ्या आठवलं.

"पुढच्या वेळी मीच घेऊन येतो हिला," तो म्हणाला. "आणि काच मलाही दाखवायची."

"दाखवीन," बाई म्हणाल्या.

सर्दी गेली. वर्ष सरत आलं तरी थंडी वाजून ताप आला नाही, आणि बायकोने कित्येक वर्षं टाळलेला बहिणीकडचा मुक्काम ठरवला. बस सुटायच्या आधी खिडकीतून ती म्हणाली, "आता तरी म्हणा, औषध लागू पडलं."

"अजून ताप आला नाही, एवढंच म्हणेन," कुलूपवाला म्हणाला, आणि तिच्या पिशवीत नेहमीच्या गोळ्या आहेत का ते हात घालून बघू लागला.