घुबडाने ओकलेला गोळा

अलकनंदा ठोसर मुलांना पहिल्याच वाक्यात सांगून टाकायची, की तुमच्या समोर बशीत जो गोळा आहे तो घुबडाने ओकलेला आहे. वर्गात एकदम ‘ईऽऽ’ व्हायचं. ती ते होऊ द्यायची. दिल्लीतल्या त्या निसर्ग-संग्रहालयात शाळांच्या सहली सांभाळण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, आणि किळस लपवली तर ती नंतर दुप्पट होते हे तिला ठाऊक होतं. आधीच येऊन गेली, की मुलांचे हात आपोआप पुढे येतात.

घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, पण केस आणि हाडं पचत नाहीत. त्यांचा पोटात गोळा होतो आणि घुबड तो बाहेर टाकतं. तो चिमट्याने हळूहळू सोडवला की आत अख्खा सांगाडा सापडतो. सरोजिनी नगरात अलकनंदाच्या सरकारी क्वार्टरमागची घरांची ओळ पाडण्यासाठी रिकामी केली होती. तिथल्या एका गच्चीवरच्या खोलीत गव्हाणी घुबडांची जोडी राहायची. रविवारी ती आणि तिचा नवरा शशिकांत हातमोजे घालून तिथले गोळे पिशवीत भरून आणत. संग्रहालयात ते ओव्हनमध्ये चांगले तापवून निर्जंतुक केले जात. बाकीच्या सगळ्या दालनांत काचा होत्या आणि ‘हात लावू नका’च्या पाट्या होत्या. हात लावायला फक्त ही एकच खोली होती.

त्या दिवशी गुडगावची एक मोठी खाजगी शाळा आली होती. ज्यांना नको असेल त्यांनी बाजूला बसून चित्र काढावं, असं तिने नेहमीप्रमाणे सांगितलं. काही मुलं उठून गेली. सहावीतली सलोनी नाक दाबून बसून राहिली. थोड्या वेळाने तिने नाक सोडलं, कारण चिमटा धरायला दुसरा हात हवा होता. जेवायची वेळ झाली, बाई हाका मारू लागल्या, तरी ती उठेना. तिला एक बारीक जबडा सापडला होता. टेबलावरच्या हाडांच्या तक्त्याशी ताडून पाहत ती स्वतःच म्हणाली, की हा उंदीर नाही, छछूंदर आहे, दात बघा. अलकनंदाने भिंगातून पाहिलं. खरंच चिचुंद्री होती. घरी नेऊ का, असं सलोनीने विचारलं, आणि अलकनंदाने तो जबडा कापसात गुंडाळून तिच्या हातावर ठेवला.

सलोनीने तो घरी एका छोट्या स्टीलच्या डबीत ठेवला आणि डबी स्वयंपाकघराच्या फळीवर. दुसऱ्या दिवशी तिच्या आजीने वेलदोडे समजून डबी उघडली. घर कट्टर शाकाहारी. आजीने सगळं स्वयंपाकघर धुवून घेतलं आणि दिवसभर तोंडात अन्नाचा कण घेतला नाही. संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गोष्ट वाढत गेली. मुलांना जबरदस्तीने मेलेले उंदीर फाडायला लावले, असं कुणी लिहिलं. घुबड म्हटल्यावर कुणाला जादूटोणाही आठवला. शाळेने संग्रहालयाला फोन केला.

उपसंचालक प्रसन्न देवधरने अलकनंदाला केबिनमध्ये बोलावलं. तो पुण्याच्या एका कंपनीतून इथे आला होता, वयाने तिच्याहून बराच लहान. चारचौघांत तिला मॅडम म्हणायचा, एरवी ताई. तो रागावलेला नव्हता, आणि अलकनंदाला तेच जास्त खटकलं. त्याने सगळं ठरवून ठेवलं होतं. शनिवारी त्या मुलीची आई आणि प्रिन्सिपल येतील. मुलगी सांगेल की तिला बसायला लावलं, अलकनंदा सॉरी म्हणेल, चहा होईल, विषय संपेल. त्या खोलीत तसेही टचस्क्रीन बसवायचे होते, स्पॉन्सर तयार होता. मुलं काचेवर बोट फिरवतील आणि गोळा उघडेल. वास नाही, केस नाहीत, तक्रार नाही.

“पण मी तिला बसायला लावलं नाही,” अलकनंदा म्हणाली.

“ताई, ते मला माहीत आहे.”

“मग?”

प्रसन्नने टेबलावरचे कागद सारखे केले. तिचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीला संपतंय आणि पुढची फाइल त्याच्याच टेबलावरून जाणार आहे, एवढं त्याने बोलता बोलता सांगून घेतलं.

घरी शशिकांतने तिला समजवायचा प्रयत्न केला. मंत्रालयात नोकरी करत त्याने आयुष्यात पुष्कळ सॉरी म्हटलं होतं, आणि त्याचं काही बिघडलं नव्हतं. तो म्हणाला, एक शब्द आहे, बोलून मोकळी हो. अलकनंदा बराच वेळ भांडी लावत राहिली. ती स्वतः सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढली होती. लहानपणी अंगणात पडलेली मेलेली चिमणी उचलली म्हणून आईने तिला डोक्यावरून आंघोळ घातली होती. त्या आजीचा दिवस कसा गेला असेल, हे तिला न सांगता कळत होतं. पण त्या मुलीने दात बघून प्राणी ओळखला होता, आणि आता तिच्यासमोर ते चूक होतं म्हणायचं, हे तिच्या जिभेवर येईना. तिने शशिकांतला एवढंच सांगितलं, की जे चुकलं त्याची माफी मागेन, जे नाही चुकलं त्याची नाही.

शनिवारी सगळे प्रसन्नच्या केबिनमध्ये बसले. सलोनीच्या आईचे डोळे जागरणाने सुजल्यासारखे दिसत होते. घरात सासूशी काय काय झालं असेल, याचा अंदाज येत होता. प्रिन्सिपलनी सलोनीला विचारलं, की बेटा, तुला नको असताना बसवलं ना? सलोनीने आईकडे पाहिलं, मग अलकनंदाकडे, आणि मान हलवून नाही म्हणाली. ज्यांना नको होतं ते चित्र काढत होते, मला चित्र काढायचं नव्हतं, असं ती म्हणाली. मग खालच्या आवाजात तिने आणखी एक सांगितलं, की मागच्या पायाचं हाड सापडायच्या आधीच आम्हाला उठवलं, ते राहिलं.

आईचा चेहरा उतरला. प्रसन्न घाईघाईने म्हणाला की मुलं आहेत, चलो, मॅडम काही बोलतील.

अलकनंदा सलोनीच्या आईकडे वळून हिंदीत बोलली. “हाड तुमच्या घरी गेलं आणि मी तुम्हाला विचारलं नाही. ही माझी चूक. तुमच्या सासूबाईंना जो त्रास झाला त्याची मी मनापासून माफी मागते. पण तुमच्या मुलीने ते हाड हातात घेतलं, ओळखलं, त्याची माफी मी मागणार नाही. ते मी पुन्हा करीन.”

प्रिन्सिपलनी पर्स उचलली. सलोनीची आई दारापाशी क्षणभर थांबली, मग मुलीचा हात धरून निघून गेली. ती शाळा पुन्हा कधी आली नाही. सलोनीचं पुढे काय झालं, मागच्या पायाचं हाड तिला कधी पाहायला मिळालं का, हे अलकनंदाला कधीच कळलं नाही.

सोमवारी खोलीला कुलूप लागलं. अलकनंदाला तिकीट खिडकीशेजारच्या चौकशीच्या टेबलावर बसवलं. गोळ्यांचा कार्यक्रम बंद, असं तोंडी सांगितलं गेलं. तिने लेखी मागितलं, ते मिळालं नाही.

त्याच आठवड्यात मुनिरक्याच्या सरकारी शाळेतल्या मुली आल्या. त्यांची सहल एकदा प्रदूषणाच्या सुट्टीमुळे रद्द झाली होती, आणि गोळे उघडायला मिळतील असं अलकनंदानेच त्यांच्या बाईंना, सुनीती मॅडमना, शब्द दिला होता. मुली गणवेशावर स्वेटर घालून, दोन-दोनच्या रांगेत उभ्या होत्या. सुनीतींनी विचारलं, कुठल्या खोलीत जायचं? अलकनंदाने कुलपाकडे पाहिलं. मग चौकशीच्या टेबलामागच्या कपाटातून आधीच तापवून ठेवलेल्या गोळ्यांचा खोका आणि चिमटे काढले, टेबलावरची जुनी वर्तमानपत्रं घेतली आणि मुलींना समोरच्या हिरवळीवर नेलं.

ऊन छान पडलं होतं. मुली वर्तमानपत्रं पसरून बसल्या. पहिल्या वाक्याला तोच ‘ईऽऽ’ झाला. मग हळूहळू आवाज कमी होत गेले, फक्त चिमटे चालत राहिले. कुणाला बरगडी सापडली, कुणाला शेपटीचे मणके. एकीला कवटी सापडली तेव्हा सगळ्या तिच्याकडे सरकल्या.

प्रसन्न पायऱ्यांवरून खाली आला. त्याने अलकनंदाला बाजूला घेतलं.

“ताई, हे बंद झालंय. मी स्वतः तुम्हाला सांगितलं होतं.”

“हो, सांगितलं होतंत.”

“मग हे काय आहे?”

“यांना शब्द दिला होता. बंद करायचं असेल तर तुम्ही करा. त्यांच्यासमोर उभे राहा आणि का ते त्यांना सांगा. मी नाही सांगणार.”

त्याने गार्डला खूण केली. गार्ड मुलींपर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. कागद उचलायचे तर हाडं सांडणार होती. शेवटी प्रसन्नच पुढे झाला आणि हिंदीत म्हणाला, की मुलींनो, आता आवरा, आत सिनेमा दाखवणार आहोत. समोर बसलेल्या एका मुलीने मान वर न करताच सांगितलं, “सर, अभी पूरा नहीं हुआ.” बाकीच्या कुणी उठल्या नाहीत. सुनीतींनी पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि त्या मुलीशेजारी गवतावर बसल्या.

प्रसन्न वळून आत गेला. मुलींनी शेवटचं हाड सापडेपर्यंत काम केलं. नंतर साबणाने हात धुतले, डबे उघडले आणि त्याच हिरवळीवर जेवल्या.

महिनाअखेरीला कॉन्ट्रॅक्ट वाढवलं गेलं नाही. प्रसन्नने तिला आणखी एकदा बोलावलं. झालं ते गैरसमजातून झालं एवढं लिहून द्या, मी वर बोलतो, असं तो म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता हे तिला दिसत होतं. तिने त्याचे आभार मानले आणि लिहून दिलं नाही. परतीच्या मेट्रोत तिला रडू आलं. शशिकांतला तिने ते सांगितलं नाही, पण त्याला कळलं असावं. रात्री तो एवढंच म्हणाला, की ओव्हन आता आपल्यालाच घ्यावा लागेल, आणि तो स्वयंपाकघरात नको, मागच्या बाल्कनीत ठेवू.

फेब्रुवारीत सुनीतींनी तिला मुनिरक्याला बोलावलं. शाळेत रिकामी खोली नव्हती, म्हणून व्हरांड्यात सतरंजी टाकली होती. आणखी एका वर्गाच्या मुली आधीच येऊन बसल्या होत्या. मुख्याध्यापकांनी गेटपाशीच अलकनंदाला थांबवलं. पिशवीत काय आहे, ते त्यांनी विचारलं, आणि ऐकून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग त्यांनी विचारलं, की आपण कुठल्या संस्थेकडून आलात?

“कुठल्याच नाही,” अलकनंदा म्हणाली. “मी अलकनंदा ठोसर. मुली वाट बघतायत. तुम्हीही या ना बसायला.”

ते आले नाहीत, पण त्यांनी वाट अडवली नाही. ती व्हरांड्यात गेली, चपला काढल्या आणि मुलींच्या मधोमध सतरंजीवर बसली.