नावाइदामूचा खिळा

"भिंत रंगवा, पाडा, नवी बांधा. खिळ्याला मात्र हात लावायचा नाही."

शाळेचे जुने क्रीडाशिक्षक पेनियासी मास्तर हे बोलले त्याला सव्वीस वर्षं झाली होती, तरी त्यांच्या जागी आलेल्या लाइसानीबाईंचा हात खिळ्यापाशी आला की आपोआप थांबायचा. आजही थांबला. त्यांनी मोठा कुंचला डब्यात ठेवला, कानामागे खोचलेला बारका काढला आणि तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत काजळ घालावं तशा बेताने खिळ्याभोवती पांढरा रंग फिरवला.

नावाइदामूच्या माध्यमिक शाळेची कचेरी दरवर्षी मैदानी स्पर्धांच्या आधी रंगायची. शाळा लहान, सगळी मिळून एकशे बारा मुलं. मास्तरांनी पहिल्यांदा चार मुलं घेऊन राजधानीची बोट गाठली, त्या वर्षी त्यांनी हा खिळा ठोकला होता. सोन्याच्या पदकासाठी. कांस्यं पुढे सात आली, रुपेरी दोन आली, पण ती मास्तरांनी खिळ्याजवळ फिरकू दिली नाहीत. ज्याची त्याच्या घरी गेली, आजोबांच्या तसबिरीला लागली. एका वादळात कचेरीचं छप्पर उडालं, दुसऱ्यात छप्पर आणि खुर्ची दोन्ही. भिंत राहिली आणि खिळा राहिला.

"बाई, चहा."

मुख्याध्यापक बिसेसर सर दोन पेले घेऊन आले. त्यांतला एक त्यांनी नाक मुरडतच पुढे केला.

"माझ्या बापानं चाळीस वर्षं ऊस तोडला. आणि माझ्याच शाळेत, माझ्याच हातचा चहा तुम्ही बिनसाखरेचा पिता. हा अपमान मी किती वर्षं सोसायचा?"

"खिळा भरेपर्यंत," लाइसानीबाई म्हणाल्या.

सात वर्षांपूर्वी मास्तरांची नजर अधू व्हायला लागली, तेव्हा लाइसानीबाईंनी चर्चमध्ये गुडघे टेकून हा नेम धरला होता. देवाला सांगितला होता आणि चहा करणाऱ्याला. तिसऱ्या कुणाला नाही.

"मास्तरांना आता कितपत दिसतं?"

"उजेड आणि अंधार."

"मग यंदा काहीतरी कराच. बोटांनी तरी बघतील."

बाईंनी कुंचल्यानं बाहेर खूण केली. खिडकीबाहेर मैदान समुद्राकडे उतरत गेलं होतं आणि त्या उतारावर उनाइसी शाळेचा एकुलता एक भाला घेऊन उभी होती. सोळा वर्षांची, लांब हातांची, मोजकं बोलणारी पोर. तिचा हात खडकांवरून भाल्यानं मासे मारून तयार झाला होता, आणि मासा काही तीन वेळा फेकू देत नाही. ती चार पावलं धावली. भाला गेला, हवेत किंचित डावीकडे कलला आणि पार कुंपणाजवळच्या केळीपाशी रुतला.

"ती केळ वाचेल का हो?" सर म्हणाले.

"केळ जाऊ द्या," बाई म्हणाल्या आणि चहाचा कडू घोट त्यांनी मिटल्या ओठांनी गिळला.

*

राजधानीच्या मैदानावर मोठ्या शाळांचे तंबू होते, ढोल होते, एकसारखे कपडे घातलेल्या गाणाऱ्यांच्या रांगा होत्या. नावाइदामूची एकोणीस मुलं, चार चटया, कसावा उकडायचं एक पातेलं. पण आवाज त्यांचाही काही कमी नव्हता.

मुलींच्या भालाफेकीत सहा फेऱ्या. दुसऱ्याच फेरीत उनाइसीचा भाला चाळीस मीटर शहाऐंशीवर पडला. मग तिसरी झाली, चौथी झाली, तिच्या जवळपास कुणी आलं नाही. लाइसानीबाईंनी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

चौथ्या फेरीत नदीमुखाच्या शाळेतल्या केलेराचा भाला धावपट्टीच्या कडेला आपटला आणि चिरला. आडव्या बांध्याची, हसऱ्या डोळ्यांची केलेरा तो तिथेच टाकून सरळ उनाइसीकडे आली.

नदीमुखाची माणसं आणि नावाइदामूच्या बेटाची माणसं एकमेकांची ताउवू. दोघांचा मूळ देव एक, त्यामुळे जन्मापासूनच एकमेकांवर हक्क. भर रस्त्यात शिव्या द्याव्यात, अंगणातली कोंबडी उचलावी, दोरीवरचा सदरा ओढून न्यावा. ज्याचं गेलं त्याने हसायचं. जो रागावला तो हरला. आणि ताउवूने तोंड उघडून काही मागितलं, तर नाही म्हणायची सोय नाही.

"ए खेकडेचोर, भाला दे."

"तुझा कुठंय, चिखलखाऊ?"

"तुझ्या तोंडासारखा झालाय. मधोमध फाटलाय."

पंच टोपी सावरत जवळ आले. ते दुसऱ्या मुलखातले होते. "मैदानाचे भाले आहेत, बाई. जुने आहेत, पण आहेत. तुमच्या मुलीनं द्यायलाच हवा असं काही नाही."

लाइसानीबाईंनी तोंड उघडलं. बेटावर जन्मलेल्या त्या बाईच्या जिभेवर, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, ताउवूसाठी 'नाही' आलं होतं. ते बाहेर पडायच्या आत उनाइसीने भाला केलेराच्या हातात दिला होता.

"डावीकडं ओढतो हा," उनाइसी म्हणाली. "सोडताना अंगठा खाली दाब."

पाचव्या फेरीत केलेराचा अंगठा चुकला. अडतीस. सहाव्या फेरीत चुकला नाही. भाला सुटला, सरळ गेला, अजिबात कलला नाही. एक्केचाळीस मीटर दोन सेंटिमीटर.

शेवटची फेक उनाइसीची. तिने जीव ओतला. चाळीस मीटर एकाहत्तर.

सोळा सेंटिमीटर. वीतभरसुद्धा नाही. बाईंनी रुमाल खिशात ठेवला, टाळ्या वाजवल्या, आणि मग उनाइसीच्या केसांतलं गवत काढत बराच वेळ तिच्या मागे उभ्या राहिल्या.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीमुखाची सगळी शाळा धक्क्यावर निरोप द्यायला आली. चिखलातल्या खेकड्यांची दोन पोती भेट म्हणून आणली, आणि वर गाणं: बेटावरच्यांना खेकडे चोरायला लागू नयेत म्हणून आम्हीच आणलेत. नावाइदामूच्या मुलांनीही गाण्यातच परतफेड केली. ती इथे लिहिण्यासारखी नाही.

केलेरा गळ्यात सोनं मिरवत पुढेच उभी होती.

उनाइसी बोटीच्या फळीवर पाय ठेवणार होती, ती वळली. परत आली. केलेरासमोर उभी राहिली, दोन्ही हातांनी तिच्या गळ्यातली फीत डोक्यावरून काढली, स्वतःच्या गळ्यात घातली आणि पदक सदऱ्याच्या आत टाकलं. वर गुंडीही लावली.

मग असा हास्याचा लोट उठला की कठड्यावरचे पक्षी उडाले. नदीमुखाच्या क्रीडाशिक्षिका खेकड्यांच्या पोत्यावरच बसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "तरी मी सांगत होते, ताउवूचा भाला घेतेस, आता गळा झाकून ठेव."

बिसेसर सर फळीवरून धावत खाली आले. "उनाइसी, परत कर ते. बाई, हे काय चाललंय? पोलीस येतील."

"सर, केलेरानं परत मागितलं तर तिच्या गावाला सात पिढ्या तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

केलेराही हसत होती. हसता हसता तिची नजर एकदा त्या सदऱ्याच्या गुंडीवर जाऊन आली, ते फक्त लाइसानीबाईंनी पाहिलं.

"ने," केलेरा म्हणाली. "पण ऐक. वर्षभर सांभाळ. पुढल्या वर्षी इथं माझ्यासमोर फेक, स्वतःचं मिळव, आणि माझं मला आणून घाल. नाही जमलं तर मी बेटावर येऊन तुमच्या हेडमास्तरांचं डुक्कर उचलीन."

"माझ्याकडं डुक्कर नाही," सर म्हणाले.

"मग तुम्हाला उचलीन."

उनाइसी हसली नाही. तिने फक्त मान हलवली.

"शब्द?" केलेराने विचारलं.

"शब्द."

*

बोट खाडीबाहेर पडल्यावर बिसेसर सर लाइसानीबाईंच्या शेजारी येऊन बसले.

"बाई, एक बोलू? मास्तर ऐंशीच्या पुढं गेले. पुढच्या वर्षाचं कुणी सांगावं. त्यांच्या हातात सोनं दिलं, तर त्यांना सोनं लागेल. कुणाचं, हे काही बोटांना कळत नाही."

बाईंनी पायाशी ठेवलेल्या खेकड्यांच्या पोत्याची गाठ आवळली.

"आपण खोटं बोलायचं नाही. नुसतं काही बोलायचं नाही."

ह्या माणसाला ऊस कळत होता आणि माया कळत होती, त्यामुळे बाईंना त्यांचा राग आला नाही. राग येण्याजोगं काही असलंच तर ते त्यांच्या स्वतःच्याच मनात होतं, कारण हाच विचार धक्का सुटायच्या आधी त्यांनीही केला होता.

*

सोमवारी सकाळी प्रार्थनेनंतर सगळी शाळा कचेरीच्या दाराखिडक्यांना लागली. पेनियासी मास्तर काठी टेकत आले, इस्त्रीचा सुलू लुंगीसारखा नेसून, केस पाण्याने चापून बसवून. टेबलावर बिसेसर सरांनी आधीच एक पेला आणून ठेवला होता. त्यात दोन चमचे साखर होती. वाफेलाही गोड वास येत होता.

उनाइसीने पदक मास्तरांच्या तळहातावर ठेवलं. मास्तरांची बोटं कडेवरून फिरली, फितीवरून फिरली, मधल्या उठावाच्या अक्षरांवर थांबली.

"सोनं?"

"सोनं, मास्तर," लाइसानीबाई म्हणाल्या.

खिडकीतली मुलं पुतळ्यासारखी उभी. सर आढ्याकडे पाहत होते. मास्तरांनी पदक गालाला लावलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की बाईंना वाटलं, आता इथेच थांबावं. यापुढे एक शब्द नको.

"मास्तर, हे आपलं नाही," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. चिरलेला भाला, सोळा सेंटिमीटर, धक्का, गुंडी. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. सांगून झालं तरी त्यांनी मान वर केली नाही.

"भाला कुणाचा होता?"

"आपला."

"आणि अंगठ्याचं तिला कुणी सांगितलं?"

"मी," उनाइसी पुटपुटली.

मास्तरांचे खांदे हलू लागले. बाई घाबरून पुढे झाल्या, तेवढ्यात त्यांना कळलं की म्हातारा हसतोय. पोटातून निघालेलं हसू वर येईपर्यंत खोकला झालं आणि खोकल्यातून पुन्हा हसू.

"मी इतकी वर्षं शाळेतल्या पोरांना पळायला शिकवलं, उड्या मारायला शिकवलं. ही लूट कुणी शिकवली गं तुला?"

खिडक्याही हसल्या. मास्तरांनी डोळे टिपले आणि पदक उनाइसीपुढे धरलं.

"अडकव खिळ्याला. वर्षभर राहू दे. इतकी वर्षं रिकामा बसलाय बिचारा, वजनाची सवय नाही त्याला. एकदम आपलं खरं आलं तर वाकायचा."

उनाइसीने टाचा उंचावून फीत खिळ्याला लावली. पदक एकदा डावीकडे हललं, मग स्थिर झालं.

बिसेसर सरांनी पेला बाईंकडे सरकवला. "घ्या आता. भरला खिळा."

बाईंनी पेल्याकडे पाहिलं. वाफ नाकापर्यंत येऊ दिली. मग दोन बोटांनी पेला परत सरकवला.

"उसना भरलाय, सर."

सरांनी दीर्घ उसासा सोडला, स्वतःचा चहा प्यायले आणि मग बाईंचाही प्यायले.

*

मंगळवारी नेहमीप्रमाणे उजाडायच्या आधी लाइसानीबाई प्रार्थनेचा लाकडी ढोल वाजवायला निघाल्या. कचेरीवरून जाताना त्यांनी उघड्या दारातून आत नजर टाकली. पदक जागेवर होतं. कोपऱ्यातला भाला नव्हता.

दवाने भिजलेल्या गवतातून अनवाणी पावलांची एक ओळ मैदानाकडे गेली होती. अंधुक उजेडात उनाइसी दोरी धरून अंतर मोजत होती. एके जागी तिने बोरूची काडी रोवली, तिला लाल चिंधी बांधली. मागे सरून पाहिलं. मग काडी उपटली आणि वीतभर पुढे नेऊन पुन्हा रोवली.

बाईंनी हाक मारली नाही. ढोलाच्या काठ्या काखेत धरून त्या कचेरीच्या आडोशाला उभ्या राहिल्या.

भाला खांद्यावर टाकून उनाइसी उतारावरून वर, फेकीच्या रेषेकडे चालू लागली.