गौरेशचा दर्या

डिचोलीला समुद्र नाही. खाणींची तांबडी धूळ आहे, नदी आहे, पण समुद्र बघायचा तर मोरजी गाठावी लागते. माझ्या मुलाने तो आमच्या पुढच्या खोलीत आणून ठेवला. गौरेश जहाजावर नोकरीला होता. एका सुट्टीत त्याने चार फुटी काचेची टाकी आणली, खारं पाणी केलं, निळे दिवे लावले आणि त्यात प्रवाळ वाढवायला घेतले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी त्याला ऐकवलं. तो हसला, आणि जाताना सगळं माझ्या गळ्यात घालून गेला.

मी कृष्णनाथ, मराठी शाळेतला निवृत्त मास्तर. दुसऱ्याच्या चुका काढण्यात जन्म गेला. स्वतःची चूक कबूल केल्याचं मला आठवत नाही, आणि आमच्या मंडळींनाही नाही.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी जन्मलेला आमचा गौरेश सव्विसाव्या वर्षी वादळात डेकवरून पडला. कंपनीचं पत्र आलं. शोध घेतला, सापडला नाही, एवढंच त्यात होतं. देह नाही तर विधी कसले करणार? भटजींना विचारलं. ते म्हणाले, बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा. माझ्या बायकोने, चंद्रावतीने, त्यातलं 'वाट पाहायची' तेवढंच ऐकलं.

मी टाकीला लागलो. गाळलेल्या पाण्यात मीठ आदल्या दिवशी कालवून ठेवायचं, दुर्बिणीसारख्या नळीतून खारटपणा बघायचा, उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी रोज घालायचं. वीज गेली की पंपासाठी इन्व्हर्टर. हे जिवंत प्रवाळ म्हणजे दगड नव्हेत, त्यांना तोंडं असतात. सकाळी दिवा लावला की हिरवी, जांभळी तोंडं हळूहळू उघडायची. नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे त्यांच्यातून फिरायचे. गौरेशने हाताने लावलेलं आता तेवढंच जिवंत होतं. ते मरू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

तीन वर्षं सगळं नीट चाललं. चौथ्या वर्षी आधी टाकीतले झिंगे मेले. मग शंख काचेवरून सुटून खाली पडले. मग प्रवाळांनी तोंडं मिटली ती उघडेनात, आणि एकेक करून पांढरे पडले.

मी दोष द्यायला माणूस शोधू लागलो. शेजारच्या सुलोचनाबाईंनी डासांची फवारणी केली म्हणून त्यांच्याशी भांडलो. खाणीच्या धुळीला शिव्या दिल्या, खिडक्या बंद करून घेतल्या. अपराधी सापडला तर चौकात उभा करीन, असं मी जेवताना रोज म्हणायचो. चंद्रावती खाली मान घालून वाढायची.

शेवटी बाटलीत पाणी भरून म्हापशाला नेलं. तिथे नारायण म्हणून शोभेच्या माशांचा दुकानदार आहे, गौरेशचा दोस्त. त्याने पाण्यात थेंब टाकले, रंग बघितला आणि म्हणाला की पाण्यात तांबं आहे. मासे त्यात तग धरतात, उलट माशांच्या रोगावर तांब्याचंच औषध देतात. पण प्रवाळ, झिंगे, शंख यांना ते विष. घरातलं तांबं शोधा, मास्तर, असं त्याने बजावलं.

मी नळ्या तपासल्या, पंप उघडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुपारी शेवटी टाकीच्या तळच्या वाळूत हात घातला, तर बोटांना नाणी लागली. पोर्तुगीज अमदानीतले तांब्याचे पैसे, हिरवे पडलेले, बारा-पंधरा. आमच्या देव्हाऱ्यातले, लक्ष्मीपूजनाचे.

ओल्या हातात ती धरून मी वळलो, तर चंद्रावती दारात. माझा संताप डोक्यापर्यंत चढला होता. ती मात्र घाबरली नाही. हळर्णची ती. बस पुलावर आली की नदीला तांब्याचा पैसा द्यायचा, ही तिच्या माहेरची रीत. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात तिने मलाही तो द्यायला लावला होता.

"दर अवसेक एक घालतंय," ती म्हणाली. "लोखंडाचो पैसो दर्या घेणा नाय."

मोरजीला जाऊन का नाही घालत, असं मी विचारलं.

"त्या दर्याचां तोंड माका बघूचां नाय. ह्यो दर्या गौरेशान केलेलो. ह्यो आयकतलो." मग टाकीकडे बघत तिने विचारलं, "ही फुलां कित्याक मेली, तां कळलां तुमका?"

उत्तर माझ्या मुठीत होतं. सांगितलं असतं, तर पोराने लावलेलं आपणच आपल्या हाताने मारलं, हे तिला कळलं असतं. वाट पाहायची उरलेली आठ वर्षं तिने कशी काढली असती? मला तिची दया आली आणि स्वतःची लाज वाटली, कारण इतकी वर्षं मीही त्या टाकीजवळ गौरेशलाच परत मागत होतो.

"मीठ चुकलां," मी म्हणालो. "माझां चुकलां."

तिने पदराने माझा हात पुसला. जाऊ दे म्हणाली, तुम्ही तरी किती करणार. मी नाणी परत वाळूत ठेवली.

प्रवाळाचा एक हिरवा तुकडा अजून अर्धा उघडत होता. पुढच्या शुक्रवारी तो पाण्यासकट डब्यात घालून मी म्हापशाला निघालो. निघताना चंद्रावतीने सांगितलं की देव्हाऱ्यातले पैसे संपले, बाजारात जुनी नाणी घेऊन बसतात त्यांच्याकडे बघा.

नारायणने तुकडा आपल्या टाकीत ठेवला. तांबं सापडलं का, त्याने विचारलं. मी सापडलं म्हणालो. काढलं ना, असं त्याने विचारलं तेव्हा मी छत्री उचलून बाहेर पडलो.

बाजारात एका बाईने गोणपाटावर नाणी मांडली होती. सगळी सारखीच आहेत, कुठलीही घ्या, असं ती म्हणत होती. मी उकिडवा बसलो आणि एकेक नाणं दगडावर घासून बघू लागलो. पितळ नको होतं, तांबंच हवं होतं.