वर घ्या

एक बूट. डावा, कोरा.

केळीच्या पानावर अडकलेली हॅट.

बँडमधल्या कॉर्नेटचा असा सूर, की नंदाखाल गावातली कुत्री एकदम गप्प.

"माझा भाऊ आहे, नको कसं म्हणू?" हे लिडिया, आठवडाभर, सगळ्यांना.

आता ओळीने.

लिडियाच्या मुलीचं, ग्लोरियाचं, उद्या लग्न. आदल्या संध्याकाळी बँड लावून विहिरीवरून न्हाणाचं पाणी आणायचं. आजी याच पाण्याने न्हाली, आईही. सोमवारी स्लॅब टाकून विहीर बंद होणार होती. केक, हॉल, पाहुणे, सगळं ग्लोरियाने इतरांवर सोडलं होतं. ही एक कळशी मात्र तिला हवी होती.

पाचूबंदरहून फ्रेडरिकमामा आले आणि बँडच्या पुढे चालू लागले. उलटे, तोंड बँडकडे.

"मयताला आलाव काय? पट्टी वर घ्या!"

बँडच्या मार्सेल मास्तरांनी घेतली.

"अजून वर!"

मामांच्या पोटरीला विहिरीचा कठडा लागला. त्यांनी दोराची बादली धरली. राहाट कुरकुरत फिरला आणि बादलीसकट मामा खाली गेले. डावा बूट आणि हॅट तेवढी वर राहिली.

आतून आवाज आला, "वर घ्या! अरे, वर घ्या!"

मास्तर घामाघूम. "ऐकलंत ना? अजून एक पट्टी!"

"मेलो! वर घ्या!"

"मामा, माणसाच्या फुफ्फुसाला काही मर्यादा?"

लिडिया किंचाळली तेव्हा कुठे बँड थांबला. चौघांनी दोर ओढला. मामांचं डोकं कठड्याशी आलं.

"असं नाय ओढायचं," मामा म्हणाले आणि कसं ओढायचं ते दाखवायला दोन्ही हात सोडले.

धप्प.

"झालं!" डेल्फिन आत्या म्हणाली. "आता टँकरच बोलवा."

ग्लोरियाने दोर हातात घेतला आणि बादली खाली सोडली. "मामा, बादली भरा."

"आधी मला काढ! पानी गार हाय!"

"आधी पाणी. बूट घातलेला पाय लांब ठेवा. तळ ढवळू नका."

"मी तुझा मामा हाय!"

"म्हणून तर सांगतेय. दुसऱ्या कोणाला सांगू?"

मग बादली बुडाल्याचा आवाज.

पाणी नितळ आलं. ग्लोरियाने ते स्वतः कळशीत ओतलं, कळशी कमरेवर घेतली, दोर चौघांच्या हातात दिला आणि घराकडे निघाली. लिडिया जागीच उभी होती, कधी विहिरीकडे बघत, कधी मुलीकडे. मग मुलीच्या मागे गेली.

विहिरीत त्या दिवशी कमरेएवढं पाणी होतं.