वरच्या गटातला वडाभात

आइंडहोव्हनच्या विद्यापीठाचा क्रिकेट संघ खालच्या गटातून वरच्या गटात चढला आणि त्याचा कप्तान राजानंद जमिनीच्या चार बोटं वरून चालू लागला.

साल २०२०. कोरोनाने मोसम अर्धा खाऊन टाकला होता. उरलेल्यात असं ठरलं की जुलैत खालच्या गटाचे सामने घ्यायचे, पहिला येईल त्याला ऑगस्टमध्ये वर ढकलायचं, आणि वर जाऊन जो तळाला राहील त्याने गुपचूप खाली यायचं. विद्यापीठाच्या संघाला तोवर हरण्यापासून फक्त पावसानेच वाचवलं होतं. चार मराठी, काही तेलुगू, एक श्रीलंकन आणि क्रिकेट म्हणजे बेसबॉलचा लांबलेला प्रकार, असं मानणारी दोन-तीन डच पोरं. असला हा संघ जुलैत जिंकतच सुटला.

राजानंद एरवी प्रयोगशाळेत चिपवर संशोधन करी. विजयाचं श्रेय त्याने आपल्या क्षेत्ररचनेच्या एक्सेलशीटला दिलं. विद्यापीठाच्या बातमीपत्रात हाताची घडी घातलेला त्याचा फोटो आला, खाली मुलाखत. ती त्याने नागपूरच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवली. हसू नका. हा मुलगा शाळेपासून बारावा खेळाडू होता. इतरांसाठी पाणी नेता नेता त्याची दहावी झाली, बारावी झाली, इंजिनिअरिंग झालं. आपल्यामुळे कोणी जिंकलं असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

आता त्याच्या आईविषयी. कांताबाई फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी नागपूरहून आल्या आणि विमानं बंद झाली. लेक प्रयोगशाळेत, सून समता दिवसभर लॅपटॉपपुढे, शेजारीपाजारी दाराआड. नागपुरात ज्यांच्या घरून कोणी उपाशी गेलं नाही, त्या बाईला इथे खाऊ घालायला माणूस मिळेना. त्यातच बाकीच्या क्लबांची कुलपं निघायची होती, म्हणून जुलैचे सगळे सामने विद्यापीठाच्याच मैदानावर आले. मधल्या सुट्टीत यजमानांनी पाहुण्यांना जेवू घालायचं, हा तिथला रिवाज. आणि डच लोकांत दुपारचं जेवण म्हणजे ब्रेडच्या दोन चकत्या आणि त्यात चीजची एक.

पहिल्या दिवशी ते पाहून कांताबाईंचा जीव कासावीस झाला. तेव्हापासून समताच्या सायकलला पुढे जोडलेल्या खोक्यातून वडाभाताचं पातेलं मैदानावर यायला लागलं. मऊ भात, त्यावर चुरलेले डाळीचे वडे, वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी, आणि मागाहून गव्हाची खीर. आधी पाहुणे, मग घरचे, हा त्यांचा नियम. घरचे म्हणजे राजानंदचा संघ. त्यांनी सामना संपल्यावरच जेवायचं.

ऑगस्टमध्ये वरच्या गटातून निरोप आला की संसर्ग वाढतोय, प्रत्येकाने आपापला डबा आणावा. पातेलं घरी राहिलं. विद्यापीठाचा संघ पहिला सामना हरला, दुसरा हरला, तिसरा तर इतक्या लवकर हरला की डबे उघडायची वेळच आली नाही. राजानंदने एक्सेलशीटमध्ये चार रकाने वाढवले.

शेवटी समताला राहवलं नाही. जुलैतले पाहुणे सुट्टीनंतर कसे खेळत होते ते आठव, असं तिने त्याला सांगितलं. राजानंदने आठवलं. हार्लेमच्या संघाचा तो सहा फुटी सलामीवीर बॅटवर हनुवटी टेकून उभ्या उभ्या बाद झाला होता. दुसऱ्या एकाने धाव काढताना मध्येच थांबून जांभई दिली होती. राजानंद तेव्हा त्याला आपल्या क्षेत्ररचनेचं दडपण समजला होता.

त्याचा चेहरा पडला. रागही आला, तो आईवर. शेवटचा सामना रॉटरडॅमशी, विद्यापीठाच्याच मैदानावर होता आणि हरलं की थेट खाली. त्याने आईला बजावलं की या वेळी काही करायचं नाही, मला माझ्या हिमतीवर जिंकायचंय. कांताबाईंनी मान डोलावली. आई मान डोलावते तेव्हा तिने ऐकलेलं नसतं, हे इतक्या शिकलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

विद्यापीठाने आधी फलंदाजी करून बऱ्यापैकी धावा केल्या. सुट्टी झाली आणि मैदानाच्या कडेला फोडणीचा वास सुटला. कांताबाई मास्क लावून पातेल्यामागे उभ्या होत्या. दीड मीटरचा नियम पाळायचा म्हणून त्यांनी पळी एका जुन्या स्टंपला दोरीने बांधली होती.

"काहून रे, पाहुण्यांनी माझ्यासमोर थंड पाव खायचा?" त्या म्हणाल्या. "नियम माणसापासून लांब राहायचा आहे, भातापासून नाही."

पाहुणे जेवले की सामना आपला, हे राजानंदला आता पक्कं ठाऊक होतं. हिंमत वगैरे त्याने मनातल्या मनात गुंडाळून ठेवली. पण रॉटरडॅमचा कप्तान नीळकंठ साताऱ्याचा निघाला. बंदरातल्या कंपनीत नोकरी, पोट सुटलेलं, आणि संस्कार नको तितके चांगले. पळीपुढे ताट धरून तो म्हणाला, "काकू, यजमान उपाशी असताना आम्ही कसं जेवायचं? राजानंद बसला तरच बसू."

कांताबाईंनी लेकाकडे पाहिलं. सहा महिन्यांत त्यांचा चेहरा एवढा उजळलेला त्याने पाहिला नव्हता. नाही म्हणणं शक्य होतं. एक्सेलशीटप्रमाणे तर तेच योग्य होतं. त्याने ताट उचललं.

मग गवतावर हातभर अंतराच्या जागी चार हात अंतर ठेवून पंगत बसली. नीळकंठने यजमानांना आग्रह केला, यजमानांनी नीळकंठला. डच पोरांनी खीर तीनदा घेतली.

त्यानंतर जे झालं त्याला क्रिकेट म्हणायचं तर म्हणा. गोलंदाज वरातीच्या चालीने येत होता. फलंदाज चेंडू जाऊन बराच वेळ झाल्यावर बॅट फिरवत होते. पंचांनीही पोटभर खाल्लं होतं, ते षटकातले चेंडू मोजताना दोनदा पहिल्यापासून सुरुवात करायचे. तरी कशाबशा धावा होत गेल्या आणि शेवटच्या चेंडूवर रॉटरडॅमला चार धावा हव्या उरल्या. चेंडू हळूच सीमारेषेकडे, राजानंदच्या दिशेने निघाला. सगळे ओरडले. राजानंद हात पाठीमागे बांधून, डोळे मिटून, शांत उभा होता. चेंडू त्याच्या बुटाला घासून सीमेपार गेला तेव्हा त्याला जाग आली.

विद्यापीठ परत खाली गेलं. पाहुणे काकूंना नमस्कार करून, उरलेली खीर डब्यात भरून निघून गेले. राजानंद रिकाम्या पातेल्याशेजारी येऊन बसला. त्याला रडू येत होतं आणि झोपही.

"आई, जुलैतही मी नव्हतं ना जिंकवलं?"

"नाही," कांताबाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "पण आज तू जेवलास म्हणून पंचांसकट चोवीस माणसं जेवली. नाहीतर माझं पातेलं तसंच घरी गेलं असतं."

पुढच्या आठवड्यात त्यांना विमानात जागा मिळाली होती. त्या गेल्यावर खालच्या गटातल्या पाहुण्यांचं काय, असं राजानंदने विचारलं. कांताबाईंनी स्टंपची दोरी सोडली आणि पळी त्याच्या हातात दिली.

"घरी चल. डाळ भिजत घालायची आहे."