वरीलप्रमाणे

परग्रहावरच्या पाहुण्यांशी वाटाघाटी चालायच्या त्या कचेरीत माझ्याकडे तीन रजिस्टरं होती: आवक, जावक आणि हजेरी. साहेब लोक जग वाचवत होते, मी त्यांच्या यायच्या-जायच्या वेळा लिहीत होतो. जग वाचवायला निघालेला माणूस सरासरी बावीस मिनिटं उशिरा येतो, ही गोष्ट माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नाही.

वाटाघाटी धुळीच्या होत्या. सात वर्षं आभाळात धूळ ठाण मांडून बसली होती आणि ती खाली उतरवायची जाळी फक्त पाहुण्यांकडे होती. बदल्यात त्यांना समुद्राच्या तळाचा गाळ हवा होता. तो आम्हाला कशालाच लागत नव्हता, म्हणून बड्या साहेबांना संशय आला. "नुसता गाळ? काहीतरी काळंबेरं असणार," असं म्हणत त्यांनी चौदा महिने काढले. घरी आमचे बाबा खोकत होते. डॉक्टरांनी त्यांना दोन उन्हाळे दिले होते, त्यातला एक साहेबांच्या संशयात खर्ची पडला.

पाहुणे दिसायला घडी घालून उभ्या केलेल्या घोंगडीसारखे, कमरेएवढे उंच, खाली तीन पाय. त्यांना तोंड नव्हतं. बोलायचं ते टेबलावर टकटक करून. ही भाषा आमच्यात तिघांनाच येत होती. एक गणिताचे निवृत्त प्राध्यापक. ते जेवणानंतर झोपत, आणि समोर वाटाघाटी चालू आहेत एवढ्यावरून झोप मोडणाऱ्यातले नव्हते. दुसरा बँडमधला ढोलवाला. त्याने पहिल्याच दिवशी असं काही दणक्यात "नमस्कार" म्हटलं की पाहुणे टेबलाखाली गेले. आणि तिसरी माझी धाकटी बहीण.

तिला घरात सगळे टकळी म्हणत. एकदा तोंड सुरू झालं की थांबायचं नाव नाही. बिनतोंडाच्या लोकांशी बोलायला हिला नेमलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "बिचारे. त्यांना कान आहेत का ते आधी बघा."

ड्युटी लावायचं काम माझं. पहिल्या दिवशी मी टकळीचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याखाली "वरीलप्रमाणे". तिसऱ्या दिवशी तेच. ती चांगलं काम करत होती, साहेब खूश होते, आम्हा दोघांना घरी जायला एकच गाडी मिळत होती. खरं सांगायचं तर मला मिरवायलाही आवडत होतं. तीनशे एकेचाळीस बैठका झाल्या. तिचं नाव मी एकदाच लिहिलं.

मधे एकदा तिने सुट्टी मागितली. मैत्रिणीचं लग्न होतं.

"एकच दिवस, दादा. प्राध्यापकांना बसव ना."

"आणि ते घोरले तर? पाहुणे त्याचाही काहीतरी अर्थ लावतील."

"मग ढोलवाल्याला."

"युद्ध व्हावं अशी इच्छा आहे का तुझी?"

ती हसली. "तू ना, मला या टेबलाला विकलंयस," असं म्हणाली आणि गेली नाही.

पाहुण्यांचं मात्र उलट. त्यांच्याकडून रोज नवा यायचा. आज आलेला पुन्हा महिनाभर दिसत नसे. साहेबांना तो अपमान वाटे. "यांच्याकडे एकही जबाबदार अधिकारी नाही?" मी गमतीत म्हणायचो, यांच्याकडे कुणाला नोकरीत कायमच करत नसावेत. मग शंभराव्या बैठकीच्या आसपास एक गोष्ट झाली. एक बारका, राखी रंगाचा, एका पायाने किंचित लंगडणारा पाहुणा रोज येऊ लागला. तो बोलत नसे, नुसता टकळीच्या समोर बसे. साहेब म्हणाले, "चला, आता ते गंभीर झाले." मी आवक रजिस्टरात त्याच्यापुढेही "वरीलप्रमाणे" लिहू लागलो. तेवढीच शाई वाचली.

अखेर करार झाला. सकाळी अकराला दोन्हीकडच्या खुणा उमटल्या, मी शिक्का मारला, फोटो निघाले. मग पाहुण्यांतल्या सर्वात उंच असलेल्याने आपल्या अंगावरची एक घडी सोडवली आणि टकळीच्या खांद्यावर टाकली. टेबलावर बराच वेळ टकटक केली.

टकळी गप्प बसली. तिला इतकं गप्प मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

तिने नेहमीच्या कामाच्या आवाजात सांगितलं. "ते म्हणतात, जे आपलं असतं त्याची पाळी लावतात. आज हा, उद्या तो. एकालाच रोज पाठवतात, ते द्यायचं असतं म्हणून. समोरच्याला सवय व्हावी, त्यालाही व्हावी. ते म्हणतात, इतकं मोठं आम्ही मागितलं नव्हतं. तुमची रीत बघून आम्ही आमच्यातला एक तुम्हाला दिला. परवा निघू, तेव्हा हिला नेऊ."

साहेब हसले. साहेब लोक आधी हसतात. "त्यांना सांगा, गैरसमज झालाय. तुम्ही आमच्या कर्मचारी आहात. आम्ही काही माणसं देत नाही."

तिने सांगितलं. टकटक झाली. सगळे पाहुणे त्या बारक्याकडे वळले. तो बसल्या जागी आक्रसून निम्मा झाला.

"ते म्हणतात, ठीक आहे. मग हा परत येईल. पण दिलेला परत आला तर त्याला तिकडे कुणी घरात घेत नाही. आणि देणं मोडलं तर करार मोडला. जाळी नाही."

मी उठून उभा राहिलो. कचेरीतल्या सव्वीस वर्षांत मी बैठकीत कधी बोललो नव्हतो. "चूक माझी आहे," मी म्हणालो. "ड्युटी मी लावली. कंटाळा म्हणून लावली. त्यांना सांग, टकळे, की तुझा भाऊ आळशी आहे, दुसरं काही नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. "हे नाही सांगता येत, दादा. त्यांच्याकडे आळसाला शब्द नाही."

गाडीत परत येताना मी शंभर उपाय सांगितले. आजारी पड. पळून जा. प्राध्यापकांना पाठवू, ते तिकडेही झोपतील. ती खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर भर दुपारी दिवे लावून गाड्या चालल्या होत्या.

"बाबांचा खोकला ऐकतोस ना तू?" तिने विचारलं.

"ऐकतो."

"मग झालं तर."

बाबांना तिने स्वतः सांगितलं. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. शेवटी म्हणाले, "तिथे वेळ कशी मोजतात?"

"माहीत नाही, बाबा. विचारून घेईन."

त्यांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून तिला बांधलं. पट्टा सैल होत होता. त्यांनी पेटीतलं हत्यार काढून एक जास्तीचं भोक पाडलं. भोक सरळ पडलं.

उरलेल्या दिवसात ती अखंड बोलत होती. दूधवाल्याचा हिशोब, बाबांच्या गोळ्या, धूळ अडवायला लावलेल्या ओल्या चादरी किती तासांनी बदलायच्या. बाबांना तिने टेबलावर एक शब्द शिकवला: दोनदा सावकाश, एकदा लगेच. "म्हणजे ‘ये, बस’. त्या बारक्याला कुणीतरी म्हणायला हवं. तो दोनशे चाळीस दिवस माझ्यासमोर बसला आणि मी त्याला एकदाही म्हटलं नाही. मला वाटायचं, कामावर आलाय."

निघताना फाटकापाशी मला म्हणाली, "जावकमध्ये लिहिशील ना?"

"लिहीन."

"पूर्ण नाव लिही हं. नाहीतर मारशील एक वरीलप्रमाणे."

मी हसलो. हसायला नको होतं, पण ती हसत होती. मग ती चालू लागली, अंगावर ती पाहुण्याची घडी, हात वर करून, घड्याळ नव्या भोकावरही कोपराकडे घसरलेलं.

जावक रजिस्टरात वस्तूंसाठी रकाने असतात: तपशील, नग, कोणास, परतीची तारीख. मी तिचं पूर्ण नाव लिहिलं. नग एक. शेवटच्या रकान्यावर पेन टेकवून बसलो तर तिथे शाईचा डाग पडला. तो तसाच आहे.

जाळी पसरली. एकविसाव्या दिवशी भिंतीवर खिडकीची सावली पडली. बाबांचा खोकला कमी झाला. डॉक्टर आता उन्हाळे मोजत नाहीत.

बारक्याला कचेरीने विश्रामगृहातली खोली दिली होती. तिथे तो राहिना. रोज संध्याकाळी माझ्यामागून लंगडत घरी यायचा आणि दाराशी उभा राहायचा. आता घरीच असतो. साहेबांना त्याच्याकडून रोज काम हवंय, जाळीची देखभाल आहे म्हणतात. तिकडे त्याचीही ड्युटी कुणीतरी लावली असणार. फरक एवढाच की त्यांनी मोजून दिलं. आम्ही न मोजता दिलं, आणि मोजणं हे माझं काम होतं.

मी त्याला आठवड्यातून दोन सुट्ट्या लावतो. त्या दिवशी प्राध्यापकांना पाठवतो. साहेब चिडतात. मी रोज प्रत्येकाचं नाव पूर्ण लिहितो, त्यावरही चिडतात, म्हणतात रजिस्टर लवकर भरतं. आता सुट्टी देऊन काही होणार नाही, हे मला कळतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी बारका स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो. बाबा चहाचा कप बाजूला सरकवतात आणि टेबलावर टकटक करतात. दोनदा सावकाश, एकदा लगेच. तो येतो आणि टकळीच्या खुर्चीवर न बसता तिच्या समोरच्या खुर्चीवर बसतो, नेहमी बसायचा तसा.